निलंबित संघाचे विजेतेपद : पॉट्सविल मरून्सचा १९२५ चा हंगाम

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या (हा चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल) अधिकृत नोंदीत १९२५ सालचे विजेतेपद शिकागो कार्डिनल्स या संघाच्या नावावर आहे. याच कार्डिनल्सना ६ डिसेंबर १९२५ रोजी त्यांच्या घरच्या मैदानावर २१-७ असे हरवणारा पॉट्सविल मरून्स हा संघ त्याच नोंदीत दुसरा आहे. त्या विजयानंतर मरून्स त्या हंगामात लीगचा एकही सामना हरले नाहीत, कारण त्यांना एकही खेळू दिला गेला नाही. सहा दिवसांनी त्यांनी फिलाडेल्फियात एक प्रदर्शनी, म्हणजे लीगच्या तक्त्यात न मोजला जाणारा, सामना खेळला. लीगच्या अध्यक्षांनी तो खेळू नये असे बजावलेले असताना खेळला. आणि त्याबद्दल संघ निलंबित झाला.

या प्रकरणाविषयी बोलणारे लोक साधारणपणे दोन गटांत विभागलेले आढळतात. छोट्या गावावर मोठ्या शहरांनी अन्याय केला असे एक गट म्हणतो, तर नियम मोडला म्हणून शिक्षा झाली, त्यात रडण्यासारखे काय आहे, असे दुसरा गट विचारतो. माझ्या मते दोघेही दोन वेगळे प्रश्न एकत्र करतात. मरून्सना शिक्षा व्हायला हवी होती का, हा एक प्रश्न. त्या वर्षीचा विजेता कोण, हा दुसरा. लीगने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नालाही लावून टाकले, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

कोळशाचे गाव

पॉट्सविल हे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या स्कूलकिल परगण्यातील गाव. त्या काळी त्याची लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास होती. आजूबाजूच्या डोंगरांत अँथ्रासाइट, म्हणजे कडक आणि कमी धुराचा कोळसा, मुबलक होता आणि सारा परगणा त्याच खाणींवर जगत होता. १ सप्टेंबर १९२५ रोजी या भागातील सुमारे दीड लाख खाणकामगारांनी संप पुकारला आणि तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालला. म्हणजे मरून्सचा सगळा हंगाम संपाच्या काळात पार पडला. घरात पगार येत नसताना तिकीट काढून सामन्याला जाणारे हे प्रेक्षक होते, ही गोष्ट पुढे संघमालकाच्या पैशाच्या गणिताकडे पाहताना विसरता येणार नाही.

संघाचे मालक डॉ. जॉन स्ट्रीगल हे गावातले शल्यचिकित्सक. १९२४ मध्ये कोळसापट्ट्यातील अँथ्रासाइट लीगमध्ये नाव कमावल्यावर त्यांनी १९२५ साली संघ राष्ट्रीय लीगमध्ये आणला. प्रशिक्षक होते डिक राउश. त्या वेळी अनेक व्यावसायिक संघांचे खेळाडू आठवडाभर आपापली कामे करत आणि सामन्याच्या आदल्या दिवशी एकत्र येत. मरून्सचे खेळाडू मात्र पॉट्सविलमध्येच राहत आणि नेमाने सराव करत. साधी वाटणारी ही व्यवस्था त्या लीगमध्ये मोठी आघाडी मिळवून देणारी होती.

संघात दोन तऱ्हेची माणसे होती. चार्ली बेरी, जॅक अर्न्स्ट यांच्यासारखे महाविद्यालयीन फुटबॉल गाजवून आलेले खेळाडू एकीकडे. त्यांपैकी बेरी पुढे बेसबॉलमध्येही खेळाडू आणि नंतर पंच म्हणून नावारूपाला आला. दुसरीकडे टोनी लॅटोन. लॅटोन महाविद्यालयात गेलाच नव्हता. वडील वारल्यावर अकराव्या वर्षापासून तो खाणीत राबत होता, आणि कोळशाच्या गाड्या ढकलून ढकलून त्याचे पाय असे तयार झाले असे गावात सांगत. चेंडू छातीशी धरून तो समोरच्या रांगेत सरळ घुसत असे. त्याला बाजूने वळसा घालून जाण्याची गरज क्वचितच वाटे.

घरचे सामने शेजारच्या मायनर्सव्हिल पार्कवर होत. हे शाळकरी संघांच्या वापरातले मैदान होते. इथे मरून्सच्या बाजूने काम करणारी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पेनसिल्व्हेनियात रविवारी पैसे घेऊन खेळ भरवण्यास कायद्याने बंदी होती. फिलाडेल्फिया शहरात ती काटेकोरपणे पाळली जाई, कोळसापट्ट्यात मात्र तिच्याकडे सोयीस्कर डोळेझाक होई. त्यामुळे पूर्वेकडे आलेले बाहेरचे संघ अनेकदा शनिवारी फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सशी खेळत आणि रविवारी पॉट्सविलला येत. आदल्या दिवशीचा मार अंगावर असलेला प्रतिस्पर्धी मिळणे मरून्सच्या पथ्यावर पडत होते. बारापैकी बहुतेक सामने त्यांनी घरीच खेळले, हेही खरे.

तरीही आकडे बोलके आहेत. बारा सामन्यांत मरून्सनी २७० गुण केले आणि केवळ ४५ दिले. सात सामन्यांत प्रतिपक्षाला एकही गुण मिळाला नाही. ग्रीन बे पॅकर्स ३१-० असे हरले. प्रॉव्हिडन्स स्टीम रोलरकडून मरून्स सुरुवातीलाच ६-० असे हरले होते. त्याच संघाला त्यांनी पुढे ३४-० असे परतवले. फ्रँकफर्डने नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांचा २०-० असा पराभव केला, आणि २९ नोव्हेंबरला परतफेड झाली ती ४९-० अशी.

टक्केवारीचा तक्ता

आजच्या वाचकाला, विशेषतः आयपीएलचे वेळापत्रक आधीच हातात घेऊन बसणाऱ्याला, त्या वेळची लीग ओळखू येणे कठीण आहे. १९२० साली ओहायो राज्यातील कँटन गावी मोटारींच्या एका दुकानात जमलेल्या मंडळींनी ती सुरू केली होती. १९२५ मध्ये तिच्यात वीस संघ होते, पण कोणी किती सामने खेळायचे हे ठरलेले नव्हते. मालक आपसात तारखा जुळवत. त्यामुळे फ्रँकफर्डने त्या वर्षी वीस सामने खेळले, आणि डुलुथ केलीजने तीन. अंतिम सामना नावाचा प्रकारच नव्हता. बरोबरीत सुटलेले सामने वगळून विजयांची टक्केवारी काढायची आणि ज्याची सर्वांत जास्त तो विजेता, अशी पद्धत होती. हंगाम २० डिसेंबरपर्यंत चालवण्यास मुभा होती, म्हणून डिसेंबरात कोणीही नवा सामना ठरवून आपली टक्केवारी सुधारू शकत असे.

या पद्धतीतून भांडणे होणार हे उघड होते आणि ती आधी झालीही होती. १९२१ मध्ये बफेलोचा संघ शिकागो स्टेलीजशी शेवटचा सामना प्रदर्शनी समजून खेळला आणि हरला. लीगने तो धरला आणि विजेतेपद स्टेलीजना गेले. १९२४ मध्ये उलटे घडले. हंगाम संपल्यावर शिकागो बेअर्सनी क्लीव्हलँड बुलडॉग्जना २३-० असे हरवले, त्या सामन्याची जाहिरात विजेतेपदाचा सामना अशी झाली, पण लीगने तो जमेस धरला नाही आणि क्लीव्हलँड विजेते राहिले. म्हणजे कुठला सामना मोजायचा हेच दरवर्षी नंतर ठरत होते.

लीगचे अध्यक्ष जो कार हे शिस्तीचे गृहस्थ. महाविद्यालयीन खेळाडूंना खोट्या नावांनी खेळवल्याबद्दल त्यांनी पूर्वी ग्रीन बेचा परवाना काढून घेतला होता आणि काही महिन्यांनी तो परतही दिला होता. त्यांच्या नियमांतील सर्वांत महत्त्वाचा नियम प्रदेशाचा होता : एका संघाच्या हद्दीत दुसऱ्या संघाने त्याच्या परवानगीशिवाय खेळायचे नाही. प्रेक्षकांच्या तिकिटांवर कशीबशी तग धरणाऱ्या मालकांना लीगमध्ये राहण्याचे हेच तर कारण होते. हद्दीचे संरक्षण गेले तर परवान्याला कागदाइतकीही किंमत उरली नसती.

सहा दिवस

नोव्हेंबर संपताना स्पर्धा पूर्वेला पॉट्सविल आणि पश्चिमेला शिकागो कार्डिनल्स यांच्यापुरती उरली. ६ डिसेंबरला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर दोघे समोरासमोर आले. मैदानावर बर्फ होते. कार्डिनल्सकडे पॅडी ड्रिस्कॉलसारखा खेळाडू होता. दहा दिवसांपूर्वी, महाविद्यालयातून नुकताच व्यावसायिक झालेल्या रेड ग्रेंजच्या पहिल्या सामन्यात, चेंडू मुद्दाम ग्रेंजपासून दूर मारून त्याने छत्तीस हजार प्रेक्षकांचा हिरमोड केला होता. पण मरून्सपुढे त्याचे काही चालले नाही. २१-७ असा निकाल लागला आणि वृत्तपत्रांनी पॉट्सविलला विजेते म्हणून जाहीर करून टाकले. लीगने तसे काही जाहीर केले नव्हते, कारण हंगामाचे दोन आठवडे उरले होते.

त्यानंतरचा सामना १२ डिसेंबरचा. प्रतिस्पर्धी होते नोत्र दाम विद्यापीठाचे माजी खेळाडू, आणि त्यांत ‘चार घोडेस्वार’ म्हणून देशभर गाजलेले स्टुलड्रेअर, क्राउली, मिलर आणि लेडन हे चौघे. १९२४ च्या हंगामात अपराजित राहिलेला हा संघ. त्या काळी महाविद्यालयीन फुटबॉल हाच खरा फुटबॉल मानला जाई आणि व्यावसायिकांकडे लोक काहीशा तुच्छतेने पाहत. अशा वेळी हा सामना म्हणजे पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळवण्याची संधी होती. मायनर्सव्हिल पार्कमध्ये मावणाऱ्या गर्दीतून तो पैसा निघणार नव्हता. म्हणून स्ट्रीगल यांनी सामना फिलाडेल्फियातील शाइब पार्कवर नेला.

फिलाडेल्फिया ही फ्रँकफर्डची हद्द. शिवाय त्याच दिवशी फ्रँकफर्डचा स्वतःचा लीग सामना त्याच शहरात होता. त्यांनी तक्रार केली आणि कार यांनी मरून्सना मनाई केली. आपण एकदा नव्हे, तीनदा बजावले असे ते नंतर म्हणाले. कार आजारी असताना लीग कार्यालयातील एका पदाधिकाऱ्याने दूरध्वनीवर आपल्याला परवानगी दिली होती, असे स्ट्रीगल यांचे म्हणणे होते. तोंडी परवानगीचा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. आणि समजा ती मिळालीही असली, तरी अध्यक्षांची मनाई नंतर हाती आल्यावर तिचा आधार उरत नाही. या मुद्द्यावर मला स्ट्रीगल यांची बाजू लंगडी वाटते.

सामना मात्र व्हावा तसा झाला. नोत्र दामने आधी टचडाउन करून (म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण घेऊन) त्यानंतरच्या किकचा वरचा एक गुणही मिळवला आणि ७-० अशी आघाडी घेतली. पुढे लॅटोनने टचडाउन केला, तेव्हा मरून्सचे सहा गुण झाले. बरोबरीसाठी लागणारी किक बेरीची हुकली. त्या वर्षी लीगमध्ये ७४ गुणांसह सर्वाधिक गुण करणारा हाच बेरी. सामना संपत आला तरी आकडे ७-६ असेच होते. शेवटच्या काही क्षणांत मरून्सनी चेंडू सुमारे तीस यार्डांच्या अंतरावर आणला आणि फील्ड गोलसाठी, म्हणजे खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवण्यासाठी, पुन्हा बेरीच पुढे आला. या वेळी चेंडू खांबांमधून गेला. ९-७. अपेक्षेइतके प्रेक्षक आले नव्हते, त्यामुळे ज्या कमाईसाठी हा खटाटोप केला ती पदरात पडली नाही. पण व्यावसायिक संघ नोत्र दामच्या नामवंतांना हरवू शकतो हे देशाने पाहिले. गंमत अशी की या निकालाचा फायदा पुढे ज्या लीगला झाला, तिनेच त्याच दिवशी विजेत्यांना बाहेर काढले.

कार यांनी पाचशे डॉलर दंड ठोठावला आणि संघ निलंबित केला. दुसऱ्या दिवशी प्रॉव्हिडन्समध्ये ठरलेला मरून्सचा लीग सामना रद्द झाला.

शिकागोतले दोन सामने

आता त्याच आठवड्यात शिकागोत काय चालले होते ते पाहू. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन हे रंगकामाचे ठेकेदार. ६ डिसेंबरच्या पराभवानंतर त्यांचा संघ ९ विजय, २ पराभव आणि एक बरोबरी असा होता, म्हणजे ८१.८ टक्के. पॉट्सविल १० विजय आणि २ पराभवांसह ८३.३ टक्क्यांवर. ओब्रायन यांनी घाईघाईने दोन सामने ठरवले, १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सशी आणि १२ डिसेंबरला हॅमंड प्रोजशी. ग्रेंज ज्या बेअर्सकडून खेळत होता त्यांच्याशी पुन्हा एक भरघोस कमाईचा सामना मिळावा म्हणून त्यांना विक्रम सुधारून हवा होता, असे सांगितले जाते. दोन्ही प्रतिस्पर्धी दुबळे होते आणि त्यांचे हंगाम एव्हाना आटोपलेले होते. हॅमंडने मात्र हंगामाच्या आरंभी कार्डिनल्सना १०-६ असे हरवून आपला त्या वर्षीचा एकमेव विजय मिळवला होता; या वेळी ते १३-० असे हरले.

मिलवॉकीचा सामना हे या प्रकरणातले सर्वांत लाजिरवाणे पान आहे. बॅजर्सकडे पुरेसे खेळाडूच नव्हते. तेव्हा कार्डिनल्सच्याच आर्ट फोल्झ या खेळाडूने शिकागोतील एंगलवूड शाळेतून चार विद्यार्थी आणले आणि ते खोट्या नावांनी बॅजर्सकडून उतरले. म्हणजे एका संघाच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्यासाठी शाळकरी मुले जमवून दिली, आणि त्यांच्याविरुद्ध मिळवलेला विजय टक्केवारीत जमा झाला. कार्डिनल्स पन्नासहून अधिक गुणांनी जिंकले, बॅजर्सना एकही गुण मिळाला नाही.

हे उघडकीला आल्यावर कार यांनी तिथेही हात आखडता घेतला नाही. बॅजर्सच्या मालकाला पाचशे डॉलर दंड आणि नव्वद दिवसांत संघ विकण्याचा हुकूम झाला, ओब्रायन यांना हजार डॉलर दंड झाला, आणि फोल्झवर आजन्म बंदी आली, जी पुढे उठवण्यात आली. म्हणून मोठ्या शहराला झुकते माप दिले हा कार यांच्यावरचा आरोप मला सरसकट मान्य नाही. शिक्षा त्यांनी दोन्हीकडे केल्या. फरक शिक्षेत नसून नोंदीत आहे : मिलवॉकीवरचा तो विजय कार्डिनल्सच्या खात्यात आजही आहे.

त्या विजयासह कार्डिनल्सचे ११ विजय आणि २ पराभव होतात, ८४.६ टक्के. तो काढला तर १० आणि २, म्हणजे ८३.३. नेमकी पॉट्सविलइतकी. आणि दोघांत झालेल्या एकमेव सामन्याचा निकाल आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तरी, प्रॉव्हिडन्सचा रद्द झालेला सामना मरून्स खेळून जिंकले असते, तर तेही ११ आणि २ वर पोहोचले असते. ते जिंकलेच असते असे नाही; त्याच संघाकडून ते एकदा हरले होते. पण ज्या एका विजयाने तक्त्यात उलथापालथ झाली तो शाळकरी मुलांवर मिळवलेला होता, एवढे या आकड्यांतून निर्विवाद दिसते.

विजेतेपद घेणार कोण

१९२६ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला मालकांची बैठक भरली. तिथे ओब्रायन यांनी विजेतेपद स्वीकारण्यास नकार दिला. ज्या संघाने आपल्याला मैदानावर सरळ हरवले त्याला डावलून विजेतेपदावर आपला हक्क कसा, अशी त्यांची भूमिका होती. दुबळे सामने लावण्यात त्यांचा वाटा असला, तरी ही गोष्ट त्यांच्या बाजूने लिहायलाच हवी. कार्डिनल्सनी त्या पदावर ठामपणे दावा सांगायला सुरुवात केली ती चार्ल्स बिडविल यांनी संघ विकत घेतल्यानंतर, १९३० च्या दशकात. बिडविल घराण्याने तो दावा पुढे कधी सोडला नाही. संघ शिकागोहून १९६० मध्ये सेंट लुईसला आणि १९८८ मध्ये ॲरिझोनाला गेला. दावाही बरोबर गेला. कार्डिनल्सना त्यानंतर एकच विजेतेपद मिळाले, १९४७ चे, म्हणून १९२५ वर पाणी सोडणे त्यांना का जड जाते हे समजण्यासारखे आहे.

मरून्सना लीगने १९२६ मध्येच परत घेतले. त्यात औदार्यापेक्षा निकड अधिक होती. ग्रेंजभोवती नवी प्रतिस्पर्धी लीग उभी राहत होती, आणि चांगले संघ तिकडे जाऊ देणे परवडणारे नव्हते. जी हद्द मोडल्याबद्दल संघ बाहेर काढला, ती हद्द मोडणे इतक्या लवकर क्षम्य ठरले, ही विसंगती ठळक आहे. १९२६ चा हंगामही मरून्ससाठी चांगला गेला : १० विजय, २ पराभव, २ बरोबरी. मग घसरण सुरू झाली. १९२८ मध्ये केवळ दोन विजय मिळाले, आणि १९२९ मध्ये संघ बोस्टनला हलवला गेला व त्याच वर्षानंतर संपला. लीगने मात्र धडा घेतला तो सावकाश. १९३२ मध्ये दोन संघ बरोबरीत राहिल्यावर शिकागो स्टेडियमच्या छपराखाली निर्णायक सामना खेळवावा लागला, आणि १९३३ पासून अंतिम सामना ही कायमची पद्धत झाली.

पॉट्सविलने हा विषय जिवंत ठेवला. अँथ्रासाइट कोळशातून कोरलेले विजेतेपदाचे मानचिन्ह त्यांनी स्वतःच तयार करवले आणि ते कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयात ठेवले गेले. १९६३ मध्ये लीगने समिती नेमून चौकशी केली. मालकांनी १२ विरुद्ध २ मतांनी निर्णय बदलण्यास नकार दिला. २००३ मध्ये राज्यपाल एड रेंडेल यांनी पाठिंबा दिला, पुन्हा मतदान झाले, आणि ३० विरुद्ध २ असा निकाल लागला. पॉट्सविलच्या बाजूने उभे राहिले ते पेनसिल्व्हेनियाचेच फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स.

तीन निर्णय वेगवेगळे

प्रकरण सोडवायचे तर कार यांचे तीन निर्णय सुटे करावे लागतात. निलंबन योग्य होते. मनाई स्पष्ट होती, फ्रँकफर्डचे नुकसान खरे होते, आणि अध्यक्षांनी या वेळी माघार घेतली असती तर पुढच्या वर्षी प्रत्येक मालकाने मोठ्या शहरात आपला तंबू ठोकला असता. ‘आम्ही जिंकलो होतो’ हे या आरोपाचे उत्तर होऊ शकत नाही, आणि पॉट्सविलचे समर्थक नेमके तेच उत्तर देत आले.

प्रॉव्हिडन्सचा सामना रद्द होणे हा निलंबनाचाच भाग आहे, त्यामुळे त्याबद्दलही तक्रार करता येत नाही. पण निलंबनाआधी खेळलेले बारा सामने त्यामुळे पुसले जात नाहीत. लीगने ते पुसलेही नाहीत. १० विजय आणि २ पराभव ही मरून्सची नोंद आजही अधिकृत तक्त्यात आहे. मग त्या नोंदीला तिची जागा द्यायची की नाही, हे निलंबनावर अवलंबून राहत नाही. निलंबित संघाला विजेतेपद देता येणार नाही असा नियम लीगला करता आला असता. तसा ठराव आधी झालेला असता तर वाद तिथेच संपला असता. तो नव्हता, अध्यक्षांच्या रागाने त्याची जागा घेतली.

तिसरा निर्णय मिलवॉकीचा, आणि मला तोच सर्वांत कच्चा वाटतो. ज्या सामन्याबद्दल एका मालकाला संघ विकायला लावले आणि एका खेळाडूला आजन्म घरी बसवले, तो सामना वैध कसा? तो तक्त्यातून काढण्यासाठी पॉट्सविलला माफ करण्याची गरज नव्हती, दंड परत करण्याची नव्हती, फ्रँकफर्डची हद्द मोकळी करण्याचीही नव्हती. १९६३ आणि २००३ मध्ये मालकांपुढे प्रश्न आला तो ‘पॉट्सविलला विजेतेपद द्यावे का’ असा, आणि त्यावर कार्डिनल्सचे हितसंबंध, जुन्या निकालांना हात लावण्याची भीती, कार यांच्या अधिकाराचा मान, असे सगळे एकदम आडवे आले. ‘मिलवॉकीचा सामना ग्राह्य धरावा का’ एवढाच प्रश्न मतदानाला टाकला असता, तर होय म्हणून हात वर करणे त्या तीस मालकांनाही अवघड गेले असते.